डॅक घेण्याआधी एकदा चार्जर काढून बघा

सेलूहून एक प्रश्न आलाय. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. घरात सहा-सात वर्षं जुना लॅपटॉप, वडिलांच्या काळातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी बॉक्स आहेत. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ती ॲम्प्लिफायरला जोडली आहे. गाणं वाजतं, पण मागे सतत घुंऽऽ चालू राहतं. माऊस हलवला की बारीक चिरचिर येते आणि गाणारा माणूस 'पोकळ' वाटतो. ऐकणं म्हणजे यूट्यूबवरचं नाट्यसंगीत, अभंग आणि थोड्या एमपीथ्री. शिवाय वडिलांनी जमवलेल्या भारुडांच्या आणि भजनांच्या शंभरेक कॅसेटी आहेत, त्या कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आहेत. बजेट आठ हजार. मित्र म्हणतो, ३२ बिट ७६८ किलोहर्ट्झवाला डॅक, म्हणजे लॅपटॉपबाहेर बसून गाण्याच्या फाइलचा आवाज काढणारा डबा, घे. दुकानदार म्हणतो, यूएसबीत लावायचा हजाराचा डोंगल पुरे. कोणाचं ऐकू?

दुकानदाराचं. पण त्याचंही अर्धंच, कारण त्याने तुमचा ॲम्प्लिफायर पाहिलेला नाही आणि घरातलं वायरिंगही पाहिलेलं नाही.

नांदेडला माझं टेप-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. आधी कॅसेट डेक यायचे, मग सीडी प्लेअर आले, आता डॅक आणि ब्लूटूथचे डबे येतात. वस्तू बदलल्या, गिऱ्हाइकाची तक्रार मात्र तीच राहिली: घुं येतंय, खरखर येतीय, आवाजात जीव नाही. तुमच्या एका प्रश्नात या तीन तक्रारी आहेत आणि तिघींची कारणं वेगळी असू शकतात. डॅक हे त्यातल्या एकीवरच खात्रीचं औषध आहे. बाकीच्या दोन तशाच राहिल्या तर आठ हजार घालूनही घुं जागच्या जागी राहील, आणि शिव्या बिचाऱ्या डॅकला बसतील.

डॅक म्हणजे काय ते नवख्यांसाठी सांगून टाकतो. फाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. ते आकडे वाचून त्यांचा विजेचा चढउतार करणारा भाग म्हणजे डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच, मदरबोर्डवर नखाएवढी चिप असते. मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे. बाहेरचा डॅक तेच काम करतो, फक्त मदरबोर्डच्या गजबजाटापासून हातभर लांब बसून. आठवडी बाजाराच्या मधोमध उभं राहून फोनवर बोलणं आणि शेजारच्या बोळात जाऊन बोलणं, एवढाच फरक.

माऊस हलवल्यावरची चिरचिर हा त्या गजबजाटाचाच आवाज. माऊस हलला की प्रोसेसर जागा होतो, झटक्याझटक्याने वीज ओढतो आणि ते झटके ऑडिओ चिपच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, शिरतात. एक साधी खूण सांगतो. चांगले हेडफोन थेट लॅपटॉपला लावा, गाणं बंद ठेवा आणि माऊस फिरवा. चिरचिर हेडफोनमध्येही आली तर रोग लॅपटॉपच्या चिपपाशी आहे आणि बाहेरचा डॅक तो बरा करील, अगदी हजाराचा घेतला तरी. हेडफोनमध्ये शांतता आणि ॲम्प्लिफायरमध्येच चिरचिर असेल, तर ती घुंच्याच वाटेने येतेय.

आता घुं. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे 'डॅक खराब लागला' म्हणून जे येतात त्यातल्या बहुतेकांचा डॅक ठणठणीत असतो.

ॲम्प्लिफायर चालू ठेवा, आवाज नेहमीइतका ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपसा. नुसतं बटण बंद करू नका, पिनच काढा. घुं गेलं का? गेलं असेल तर तो ग्राउंड लूप आहे. लॅपटॉपचं ग्राउंड चार्जरमधून भिंतीत गेलेलं असतं, ॲम्प्लिफायरचं त्याच्या मेन्स वायरमधून भिंतीत गेलेलं असतं, आणि मधे तुमची ऑडिओची वायर दोघांना जोडते. झालं एक गोल रिंगण. दोन ठिकाणच्या ग्राउंडमध्ये किंचित जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या रिंगणातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि गाण्याच्या अंगावर चढतो. आता नीट लक्ष द्या: यूएसबीच्या वायरमध्येही ग्राउंडची तार असते. म्हणजे मधे डॅक बसवला तरी रिंगण तुटत नाही, एका गाठीने लांब होतं, इतकंच. महागडा डॅक आणूनही घुं जसंच्या तसं, असं होतं ते यामुळे.

चार्जर काढूनही घुं राहिलं तर ऑडिओची वायर लॅपटॉपच्या बाजूने काढा. तरीही राहिलं तर ॲम्प्लिफायरच्या मागून लाल-पांढऱ्या पिना काढा. आता त्याला काहीच जोडलेलं नाही आणि तरी तो घुमतोय, याचा अर्थ बहुधा त्याचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचा चढउतार सपाट करणारे भाग, वाळलेत. हे घुं कानाला थोडं वेगळं लागतं. लूपचं घुं ५० हर्ट्झचं, खोल आणि गोल असतं. कपॅसिटरचं १०० हर्ट्झचं असतं, जरा करकरीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसला पारा जातो. अशा उन्हाळ्यांत बंद कपाटात ठेवलेल्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत वाळले तर नवल नाही. दोन मोठे कपॅसिटर बदलायला मजुरीसकट काही शे रुपये लागतात. घरी स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यांच्यात वीज साठलेली असते.

समजा, लूपच निघाला. मग अर्थिंग बघा. ही गोष्ट आपल्या भागात जितकी महत्त्वाची आहे तितकी कोकणात नसावी. मराठवाड्यात वरचा मातीचा थर गेला की मुरूम आणि खाली काळा पाषाण. दोन्हींत वीज मुरायला ओल लागते, आणि उन्हाळ्यात ओल कुठून आणायची? काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा त्याच जमिनीत असतो. घर बांधताना कोळसा-मीठ घालून खड्डा भरला, वर फरशी टाकली, विषय संपला. पुढं वीस वर्षं त्यात कुणी तांब्याभर पाणी ओतत नाही. माजलगावकडच्या एका शिक्षकांच्या घरी मी घुं शोधत दीड तास घालवला होता. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा त्यांच्या आईने विचारलं, 'पावसाळ्यात येत नाही रे हे, उन्हाळ्यातच कसं येतं?' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खड्ड्यात चार बादल्या पाणी घातलं, संध्याकाळपर्यंत घुं निम्म्यावर आलं. पुढे वायरमनने खड्डा उकरून नवीन भरला तेव्हा ते पूर्ण गेलं. त्या घरातला माझा वाटा म्हणजे तीन कप चहा.

लॅपटॉपच्या धातूच्या भागावर उलटा हात अलगद फिरवला आणि झिणझिण्या जाणवल्या, तर तुमच्या सॉकेटचं तिसरं भोक शोभेचं असण्याची दाट शक्यता आहे. किंवा चार्जरच दोन पिनांचा असेल. चार्जरमधल्या बारीक कपॅसिटरमधून गळती होते आणि अर्थिंग नसेल तर ती बाहेर पडायला वाट शोधते. प्रवाह अगदी नगण्य असतो, पण ऑडिओच्या वायरला तेवढा पुरतो. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. वीस-तीस दिसलं तर गाण्याचं राहू द्या, आधी घराचं बघा. आणि एक हात जोडून सांगतो: घुं जावं म्हणून ॲम्प्लिफायरची अर्थ पिन कापू नका. घुं जातं, खोटं नाही. पण एखाद्या दिवशी आत वायर निसटली तर पेटीचा पत्रा २३० व्होल्टवर येतो.

तात्पुरता आणि स्वस्त इलाज म्हणजे लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणं. दोघांचं ग्राउंड एकाच जागी आलं की फरक कमी होतो. एवढ्याने भागलं नाही तर ऑडिओच्या वायरमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, तीन-चारशेत मिळतो. गाडीच्या स्टिरिओवाल्यांकडे हमखास असतो. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांतून सिग्नल जातो पण तारेचा थेट संबंध तुटतो. त्याची खोट एवढीच की स्वस्तातल्यांत खर्ज जरा ढिला पडतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा किंचित आखूड वाटेल. घुं आणि किंचित आखूड घुमारा यांत मी दुसरं निवडीन. ऑप्टिकल वायरमध्ये तर तांबंच नसतं, नुसता प्रकाश असतो, म्हणून तिच्यातून लूप होतच नाही. १९८३ साली तोशिबाने ही पद्धत आणली, अजून टीव्हीच्या मागे ते लाल उजेडाचं चौकोनी भोक दिसतं. पण तुमच्या लॅपटॉपला ते नसणार, म्हणून सोडून देऊ.

आणि घुं फक्त लाइट गेल्यावर, इन्व्हर्टर चालू असतानाच येत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गोल लहरीऐवजी चौकोनी झटक्यांची वीज देणारा, आहे का ते बघा. ट्रान्सफॉर्मरवाला जुना ॲम्प्लिफायर त्यावर गुरगुरणारच. त्यावर डॅक कितीचाही घ्या.

तिसरी तक्रार 'पोकळ'. हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून मला बरं वाटलं, कारण यावर बहुधा एक पैही लागणार नाही. दोन बॉक्सपैकी एकाची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधोमध न बसता डोक्याभोवती पसरतो. एका बॉक्सची वायर अदलाबदल करून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरं कारण, ३.५ मिमीची पिन. तिच्यावर तीन काळ्या पट्ट्या असतील तर ती माइकसकट हेडफोनसाठीची चार खंडांची पिन आहे. ती काही सॉकेटांत नीट बसत नाही. ग्राउंडचा स्पर्श सुटला की डाव्या-उजव्या बाजूचा फक्त फरक ऐकू येतो. मधोमध असलेला गायक गायब होतो आणि मागची सारंगी, टाळ्या, घुमारा तेवढा उरतो. दोन पट्ट्यांची साधी पिन घ्या. तिसरं, विंडोजमध्ये किंवा लॅपटॉप कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एन्हान्समेंट' चालू आहे का बघा आणि ते सगळं बंद करा. 'कॉन्सर्ट हॉल' नावाच्या बटणाने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

बॉक्सच्या कोनाभोवतीची कडाही बोटाने हळूच दाबून बघा. ती फोमची असेल तर वीस वर्षांत तिचा भुगा होतो, बोटाला काळं चिकट लागतं. कडा गेली की खर्ज गेला. ती नवी चिकटवून मिळते.

एवढं झाल्यावर आता डॅक.

मित्राच्या ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झबद्दल बोलू. बिट म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर. एका बिटला साधारण ६ डेसिबल धरा. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिटची, म्हणजे सुमारे ९६ डेसिबल. आता मे महिन्यातली तुमची खोली घ्या. पंखा पाचवर आहे, कूलर चालू आहे, तिथला आवाजच पन्नास डेसिबलच्या घरात असणार. त्याच्यावर ९६ डेसिबल चढवले तर शेवटचं टोक कानाचे पडदे फाडणारं होईल. म्हणजे १६ बिटाचं अंतरही आपल्याला घरात पूर्ण वापरता येत नाही. ३२ बिटाचा हिशेब १९२ डेसिबलवर जातो. तेवढी शांतता कुठल्याही सर्किटात मिळत नाही, खोलीच्या तापमानाला रेझिस्टरसुद्धा स्वतःचा सूक्ष्म खळखळाट करतो. बाजारातले उत्तमातले उत्तम डॅक १२०-१३० डेसिबलच्या आसपास थांबतात, म्हणजे वीस-बावीस बिट. डब्यावर ३२ लिहिलेलं असतं ते आत येणाऱ्या आकड्यांच्या लांबीचं माप आहे. पेटीवर 'एक क्विंटल मावतं' लिहिलंय म्हणून घरात एक क्विंटल ज्वारी येत नाही.

किलोहर्ट्झचंही तसंच. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण परत मिळतो. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारापर्यंत जातो, पन्नाशीत बारा-चौदा हजारावर येतो. माझा बाराच्या खाली आलाय, दुकानातल्या पोराला विचारून काम करतो. ७६८ किलोहर्ट्झमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं नाट्यगीत अजून जन्माला यायचं आहे. आणि कॅसेटवर तर साध्या डेकमध्ये बारा-चौदा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच. गोंगाट आणि गाणं यांत पन्नास-साठ डेसिबलचं अंतर मिळालं तरी कॅसेट चांगली म्हणायची.

'पण ऐकायला फरक पडतो हो!' असं दहापैकी आठ जण म्हणतात. पडतो, पण बहुधा आवाज मोठा झाल्याचा. अर्ध्या-एक डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र कानाला 'जास्त मोकळं', 'जास्त जिवंत' वाटतं. मोठं वाजतंय असं मात्र वाटत नाही, गंमत तिथेच आहे. दुकानात एकदा आम्ही हजाराचा डोंगल आणि चोवीस हजारांचा डॅक समोरासमोर ठेवले. पहिल्या फेरीत सगळ्यांनी महागडा अचूक ओळखला. मग स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून दोघांचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवलं आणि मधे चादर धरली. दुसऱ्या फेरीत नाणं उडवल्यासारखी उत्तरं आली. ज्याचा चोवीस हजारांचा होता तो बराच वेळ गप्प होता. अमेरिकेत बोस्टनकडच्या दोघांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. सुपर ऑडिओ सीडीसारखा उंची आवाज थेट आणि साध्या सीडीच्या १६ बिट-४४.१ मधून काढून, असे दोन्ही ऐकवले. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं निम्मीच आली. ते २००७ साली छापून आलंय.

मग सगळे डॅक सारखेच का? नाही. चिप सोडून बाकीच्या गोष्टींत फरक असतो: वीजपुरवठा किती स्वच्छ, बाहेर पडणारं व्होल्टेज किती, हेडफोनला ताकद किती, कनेक्टर टिकतो का. चिपच्या नावावर मात्र भांडू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या, डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या चिपा मिळेनाशा झाल्या. डॅकवाल्यांनी ईएसएसच्या, सिरस लॉजिकच्या चिपा घालून डबे विकले आणि जग पुढे गेलं.

व्होल्टेजचा मुद्दा तुमच्यासाठी खास. सीडी प्लेअर आणि मोठे डॅक २ व्होल्ट देतात. तुमच्या वडिलांच्या काळातल्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकाला, पूर्ण ताकदीने वाजायला साधारण १५० ते ३०० मिलिव्होल्ट पुरतात. २ व्होल्टवाला डॅक लावलात तर नॉब आठच्या काट्यावरून नऊवर नेला की घर दणाणेल आणि मधली बारीक जागा सापडायची नाही. एक व्होल्टचा स्वस्त डॅकच तुमच्या ॲम्प्लिफायरशी जास्त गुण्यागोविंदाने नांदेल.

आता नावं घेतो. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून अंदाजाने धरा.

नुसतं ऐकायचं असतं तर मी ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा अडॅप्टर सांगितला असता. हजाराच्या आसपास मिळतो, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ देतो, आवाज स्वच्छ असतो. जुन्या लॅपटॉपला सी भोक नसेल तर वर पन्नास-शंभरचं कन्व्हर्टर लागेल. अँड्रॉइड फोनला लावून तो 'हळू वाजतो' म्हणू नका, तिथे व्हॉल्यूमची गडबड होते. विंडोजवर होत नाही.

पण तुमच्याकडे शंभर कॅसेटी आहेत, आणि ही गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज म्हणून लिहिलीत. माझ्या लेखी तीच मुख्य आहे. डॅक आकड्यांचा आवाज करतो. कॅसेट उतरवायला उलटं काम लागतं, आवाजाचे आकडे करणारं. आठ हजारांचे बहुतेक डॅक ते करतच नाहीत. म्हणून तुम्ही बेरिंजरचं यूसीए२०२ किंवा लाल रंगातलं यूसीए२२२ हे साउंड कार्ड घ्या. दोन-तीन हजारांचं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं प्लास्टिक आहे. लाल-पांढऱ्या भोकांची एक जोडी आवाज आत घ्यायला, दुसरी बाहेर काढायला, यूएसबीवरच चालतं. आहे १६ बिट ४८ किलोहर्ट्झचंच. पण कॅसेटीच्या साठ डेसिबलला ९६ डेसिबलचं भांडं पुष्कळ झालं. त्याचं हेडफोनचं भोक नावापुरतं आहे, त्यावर चांगले हेडफोन जोखू नका. ड्रायव्हर लागत नाही. ते जुन्या, सावकाश यूएसबीवर चालत असल्याने लूप फारच हट्टी निघाला तर बाजारातला १२ मेगाबिटवाला स्वस्त यूएसबी आयसोलेटर त्याला चालतो. मोठ्या डॅकना तो चालत नाही, त्यांना वेग जास्त लागतो.

आठ-दहा हजारांच्या टॉपिंग, फिओ, एसएमएसएलच्या डब्यांना मी नाव ठेवत नाही, मापात उत्तम असतात. टॉपिंगचा डी१०एस मी स्वतः दुकानात वापरतो. पण ते कधी घ्यावेत? जास्त व्होल्टेज मागणारे तीनशे ओहमचे हेडफोन असतील, टीव्हीची ऑप्टिकल वायर आत घ्यायची असेल, किंवा वेगळा ॲम्प्लिफायर न लागणारे पॉवर्ड स्पीकर असतील आणि हाताशी नॉब हवा असेल तेव्हा. विंडोज ७ वर असलात तर अशा डब्यांना कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून तो आतच आहे. यूएसबीची वायर प्रिंटरची दीडशेची चालते. 'ऑडिओफाइल' यूएसबी वायरीच्या किमतीत आमच्याकडे कपॅसिटर, मजुरी आणि वर जेवण होतं.

कार्ड लावल्यावर विंडोजचा व्हॉल्यूम पूर्ण शंभरवर ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरच्या नॉबने करा. सॉफ्टवेअरमध्ये आवाज ६ डेसिबलने खाली आणला की एक बिट जातो. २४ बिटाच्या डॅकमध्ये त्याची चिंता नाही, १६ बिटाच्या कार्डात थोडी आहे. साउंड सेटिंगमध्ये ४८,००० निवडा, यूट्यूबचा बराचसा आवाज त्याच गतीचा असतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून नॉब वीसेक वेळा फिरवा.

म्हणजे हिशेब असा झाला: कार्ड अडीच हजार, लागलाच तर आयसोलेटर चारशे, कपॅसिटर किंवा फोमच्या कडा हजार-बाराशे. आठ हजारांतले चारेक उरले. ते खोलीवर घाला, तेही लागले तर. दहा बाय बाराची खोली, शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर टाळी वाजवून बघा, झणझण ऐकू येईल. तीच झणझण प्रत्येक तानेवर बसते. बॉक्सच्या समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगा, जमिनीवर सतरंजी टाका. बॉक्स कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणा आणि स्टुलावर ठेवून कानाच्या उंचीला घ्या. वाकळेला पैसे पडत नाहीत, आणि कुठल्याही दोन डॅकमधल्या फरकापेक्षा तिचा फरक मोठा आहे. घरच्यांना भिंतीवरची वाकळ पटणार नाही, तो प्रश्न मात्र माझ्या हातातला नाही.

कॅसेटी उतरवायला बसाल तेव्हा डेकचं हेड आणि रबरी चाक आधी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात मोठ्या जागेलाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गोंधळ्याची संबळ मधेच कडाडते आणि कापली गेलेली संबळ पुन्हा जोडता येत नाही. पहिली कॅसेट बिनमहत्त्वाची घ्या. बरीच वर्षं बंद असलेल्या डेकचा बेल्ट सैल पडलेला असतो आणि तो पहिल्याच फेरीत टेप गिळतो. वडिलांच्या हातचं नाव ज्या कॅसेटीवर आहे, ती शेवटी.